खेळाडूची कमाल क्षमता आधीच ठरवावी का?

प्रश्न : मी संगणकशास्त्राच्या शेवटच्या वर्षात शिकत असून दोन मित्रांसह क्रिकेट संघाच्या व्यवस्थापनाचा एक गेम तयार करीत आहे. ‘फुटबॉल मॅनेजर’प्रमाणे प्रत्येक खेळाडूला सध्याची क्षमता आणि कमाल क्षमता असे दोन आकडे द्यावेत, असे मित्रांचे म्हणणे आहे. सोळाव्या वर्षीच मुलाचे भवितव्य ठरवून टाकणे मला पटत नाही. यावर आपण काय सुचवाल?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : आपली शंका रास्त आहे, परंतु मित्रांची बाजूही समजून घ्यायला हवी. ‘फुटबॉल मॅनेजर’मध्ये या दोन्ही क्षमता 200 पैकी गुणांत नोंदवलेल्या असतात. काही तरुण खेळाडूंना कमाल क्षमतेचा नेमका आकडा न देता एक पट्टा दिलेला असतो, त्यामुळे गेम नव्याने सुरू केला की त्यांची मर्यादा वेगळी निघू शकते. मर्यादाच काढून टाकली, तर चांगला खेळणारा सुधारत जातो, सुधारल्यामुळे आणखी चांगला खेळतो आणि काही हंगामांतच सगळे संघ महान खेळाडूंनी भरून जातात.

तेव्हा मर्यादा असावी, पण ती एका आकड्यात कोंडलेली नसावी, असे माझे ठाम मत आहे. वेगवान गोलंदाजाचा वेग शरीरावर अवलंबून असतो. तो लवकर येतो आणि लवकर ओसरतो. चेंडूचा टप्पा ओळखण्याची नजर किंवा डाव उभारण्याचा संयम मात्र तिशीनंतरही वाढू शकतो. म्हणून प्रत्येक कौशल्याला स्वतःची मर्यादा आणि वयानुसार स्वतःचा आलेख द्यावा. स्टीव्ह स्मिथ 2010 मध्ये लॉर्ड्सवर पहिली कसोटी खेळला तो लेगस्पिनर म्हणून, आणि फलंदाजीला आला आठव्या क्रमांकावर. त्या दिवशी त्याच्या नावापुढे एकच आकडा लिहिला असता, तर पुढचा फलंदाज त्यात दिसला नसता.

याहून जवळचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यातील मिरे गावच्या किरण नवगिरे यांचे आहे. त्या आधी भालाफेक आणि गोळाफेक करणाऱ्या ॲथलीट होत्या, क्रिकेटकडे उशिरा वळल्या, 2022 मध्ये नागालँडकडून अरुणाचल प्रदेशाविरुद्ध टी-20 सामन्यात त्यांनी नाबाद 162 धावा केल्या आणि त्याच वर्षी त्या भारतीय संघात आल्या. सोळाव्या वर्षीच्या क्रिकेटपटूंची यादी करून बसलेल्या गेममध्ये त्यांचे नावसुद्धा नसते. दुसऱ्या खेळातून आलेली ताकद क्रिकेटमध्ये उपयोगी पडते, एवढी तरी सोय आपल्या रचनेत अवश्य ठेवा.

संधीचा हिशेबही क्षमतेपासून वेगळा ठेवावा लागेल. मायकेल हसीला पहिली कसोटी 2005 मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी मिळाली. तोवर त्याने प्रथम श्रेणीत 15,000 हून अधिक धावा केल्या होत्या. त्याच्यात कमी होती ती गुणांची नव्हे, संघातील रिकाम्या जागेची. त्यामुळे दर हंगामाची वाढ काढताना सामने किती मिळाले, प्रतिस्पर्धी कोणत्या दर्जाचे होते, प्रशिक्षक कसा होता आणि दुखापतींत किती काळ गेला, हे सारे त्यात यावे. सरावाने मिळणारी वाढ सामन्यातून मिळणाऱ्या वाढीपेक्षा कमी धरावी, असे मी सुचवीन.

गेम खेळणाऱ्याला खरा आकडा कधीही दाखवू नका. पार्क मैदानावर एखाद्या मुलाचा खेळ एकच सकाळ पाहणाऱ्याचे मत आणि दोन हंगाम पाहणाऱ्याचे मत सारखे नसते. निवडकर्त्याचा अंदाज सुरुवातीला रुंद असावा, निरीक्षण वाढेल तसा तो अरुंद व्हावा आणि तरीही कधी कधी चुकावा.

गेम तयार झाला की माणसाचा हस्तक्षेप न करता संगणकाला सलग तीस हंगाम खेळवू द्या. अव्वल खेळाडूंची संख्या पहिल्या आणि शेवटच्या हंगामात साधारण सारखी राहते का, आणि पंचविशीनंतर नावारूपाला येणारे थोडे तरी खेळाडू निघतात का, हे तपासा. पहिली अट मोडली तर वाढीचा वेग कमी करा; दुसरी मोडली तर वयाचे आलेख सैल करा.