कॅरॅव्हॅन (गाडीमागे ओढायचं फिरतं घर) घेऊन इंग्लिश खाडीखालच्या बोगद्यातून फ्रान्सला पहिल्यांदाच जाताना काय बघावं?

गाडी रेल्वेच्या डब्यात चढवायची; इंग्लंडमधलं फोकस्टन ते फ्रान्समधलं कॅले अवघी ३५ मिनिटं. खरी तयारी आधीचीच. बुकिंग करताना कॅरॅव्हॅनची लांबी पुढच्या जोडदांड्यासकट मोजून द्या, छतावरचा पंखाही उंचीत धरा. १.८५ मीटरपेक्षा उंच वाहनं एकमजली डब्यात जातात.

गॅस सिलिंडर चालतात, पण व्हॉल्व्ह बंद हवा. फ्रिज गॅसवर चालू राहणं ही नेहमीची चूक. एलपीजीवर चालणारी गाडी मात्र घेतच नाहीत.

भारतीय पासपोर्ट असेल तर ब्रिटनचा व्हिसा पुरत नाही, शेंगेन (फ्रान्ससह बऱ्याच युरोपीय देशांचा सामायिक व्हिसा) लागतो; फ्रेंच तपासणी फोकस्टनलाच होते. दूध-तूप, पनीर, मटण नेऊ नका, युरोपीय संघात बंदी आहे. उतरल्यावर उजवी बाजू. पहिल्या गोल चौकात घाई नको, मागे कॅरॅव्हॅन आहे!