‘मॅडम, कॅलरी मोजून खाते, तरी वजन का वाढतं?’

मेघाताई आहाराच्या सल्ल्यासाठी माझ्याकडे पहिल्यांदा आल्या, तेव्हा खुर्चीत बसायच्या आधीच त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. “मॅडम, आधी हे बघा. मग मला काय बोलायचं ते बोला.”

चार महिन्यांची नोंद होती. रोजचा आकडा १३०० ते १४०० कॅलरींच्या मध्ये. एकही दिवस चुकवलेला नाही. आणि या चार महिन्यांत वजन ७२ वरून ७४ किलोवर गेलेलं. उंची १५५ सेंटिमीटर, वय ४३, बँकेत नोकरी. थायरॉईडची तपासणी झालेली होती, ती व्यवस्थित होती. तीन महिन्यांची सरासरी साखर मात्र मधुमेहाच्या उंबरठ्यावर आलेली.

“खोटं लिहिलेलं नाही हो काही. पण घरात कुणालाच खरं वाटत नाही. सासूबाई म्हणतात, हिला नुसता वारा लागला तरी वजन वाढतं.” एवढं बोलून त्या गप्प झाल्या आणि पर्समध्ये रुमाल शोधू लागल्या.

मेघाताईंचं नाव मी बदललं आहे, ओळख पटेल असे तपशीलही बदलले आहेत. त्यांच्या परवानगीनेच लिहिते आहे, कारण हा प्रश्न माझ्यासमोर दर आठवड्याला कुणी ना कुणी मांडतं. मोजून खातो, मग वजन का उतरत नाही? कॅलरी कशातून येते याने खरंच फरक पडतो का?

मी आकडे बाजूला ठेवले आणि ते कशाकशातून आले आहेत ते पाहिलं. सकाळी साडेसहाला चहा आणि ‘डायजेस्टिव्ह’ बिस्किटं चार. नऊला कॉर्नफ्लेक्स आणि साय काढलेलं दूध. दुपारी दोन फुलके, थोडी भाजी. वरण नाही, “डाळीनं वजन वाढतं म्हणून.” चारच्या सुमाराला डब्यातला डाएट चिवडा किंवा खोक्यातला फळांचा रस. रात्री पाकिटातलं सूप आणि दोन खाकरे. ताजं फळ आठवड्यातून एखादं. उसळ जवळजवळ नाहीच.

त्यांचं अॅप हिशोबात चुकत नव्हतं. गंमत अशी की बिस्किटांच्या त्या चार चकत्या म्हणजे तीनशेच्या आसपास कॅलरी, आणि एक ज्वारीची भाकरी नि वाटीभर मटकीची उसळ म्हणजेही साधारण तेवढ्याच. अॅपच्या लेखी दोन्ही सारखंच. पण बिस्किटं चहात बुडवून चार मिनिटांत संपतात. भाकरी-उसळ चावायलाच पंधरा मिनिटं लागतात, आणि ती पोटात रेंगाळते.

कॅलरी म्हणजे उष्णतेचं माप. एक ग्रॅम पिष्टमय पदार्थाला चार, प्रथिनाला चार, चरबीला नऊ. ही ठोकताळ्याची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून चालत आली आहे आणि ढोबळ अंदाजाला ती चांगली आहे. पण शरीर म्हणजे काही शेगडी नव्हे. प्रथिनांतून मिळालेल्या ऊर्जेपैकी २० ते ३० टक्के ऊर्जा ती पचवण्यातच खर्च होते. पिष्टमय पदार्थांत ५ ते १० टक्के, चरबीत त्याहूनही कमी. अख्ख्या बदामांचं तर मोजूनच पाहिलं गेलं आहे. अमेरिकेच्या कृषी विभागातल्या संशोधकांना २०१२ साली असं दिसलं की मूठभर, म्हणजे २८ ग्रॅम बदामांतून शरीराला १७० नव्हे, १२९ च कॅलरी मिळतात. बाकीच्या कॅलरी बदामाच्या कडक पेशींत अडकून तशाच बाहेर पडतात.

हे सगळं खरं असलं, तरी मेघाताईंच्या प्रश्नाचं मोठं उत्तर यात नव्हतं. ते दुसऱ्या भेटीत सापडलं.

मी त्यांना अॅप बंद करायला सांगितलं आणि एक साधी वही दिली. तीन रकाने. काय खाल्लं, किती वाजता, आणि पुढची भूक कधी लागली. आकडे लिहायचे नाहीत. आणि तोंडात गेलेलं सगळं लिहायचं, उभ्याने खाल्लेलंसुद्धा.

पंधरा दिवसांनी वही उघडली, तर रात्री साडेदहाच्या ओळी भरलेल्या होत्या. मुलाच्या ताटातले उरलेले नूडल्स. ओटा आवरताना मूठभर शेव. कढईच्या तळाचा भात, “उद्यापर्यंत कशाला ठेवायचा म्हणून.” पुन्हा थोडी शेव. “मॅडम, हे मी अॅपमध्ये कधीच टाकलं नाही. मला ते खाणं वाटतच नव्हतं. आवरणं वाटत होतं.”

हे वाक्य मी खूप बायकांकडून वेगवेगळ्या शब्दांत ऐकलं आहे. घरातल्या सगळ्यांचं झाल्यावर जेवायचं आणि उरलेलं अन्न वाया जाऊ द्यायचं नाही, हे आपल्या अंगात इतकं मुरलेलं असतं की ते पोटात जातं, पण मनात नोंदलं जात नाही. १९९२ साली अमेरिकेत एक अभ्यास झाला. ‘इतकं कमी खाऊनही वजन उतरत नाही’ असं सांगणाऱ्यांचं खाणं अचूक पद्धतीने मोजलं, तेव्हा प्रत्यक्षातल्या खाण्यापैकी सरासरी ४७ टक्के त्यांच्या नोंदीत आलंच नव्हतं. मी हा अभ्यास पेशंटला कधीही पहिल्या भेटीत सांगत नाही. तो आरोपासारखा लागतो, आणि ही माणसं खोटारडी नसतात.

पण तिसरा रकाना जास्त बोलका होता. बिस्किटांनंतरची भूक: एक तास. कॉर्नफ्लेक्सनंतरची: दीड तास. रसानंतर: “लगेच.” सूप-खाकऱ्यानंतर नऊ वाजताच पोटात खड्डा. दिवसभर भुकेशी झगडून ही बाई रात्री ओट्यापाशी पोचत होती. तिथे शेवेचा डबा उघडला जाणं हा मनाचा कमकुवतपणा नव्हता.

म्हणून माझं उत्तर असं आहे: कॅलरी मोजावीच लागते, शरीर ती मोजतंच. पण किती कॅलरी खाल्ली जाणार, हे बरंचसं अन्नाचा दर्जा ठरवतो. याचा मला पटलेला सर्वांत चांगला पुरावा २०१९ चा आहे. अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थमध्ये केविन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वीस जणांना महिनाभर तिथेच ठेवून घेतलं. दोन आठवडे कारखान्यात खूप प्रक्रिया केलेलं अन्न, दोन आठवडे साधं ताजं अन्न. समोर वाढलेल्या ताटात दोन्ही वेळा कॅलरी, साखर, चरबी, तंतू सारखेच ठेवलेले. खा हवं तेवढं. प्रक्रिया केलेल्या अन्नावर ती माणसं रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती, भराभर खात होती, आणि दोन आठवड्यांत त्यांचं वजन जवळजवळ एक किलोने वाढलं. साध्या अन्नावर जवळजवळ तेवढंच उतरलं. माणसं वीसच होती आणि काळ थोडा होता, पण प्रयोग फार काटेकोर होता.

मेघाताईंनी लगेच विचारलं, “मग आमच्या आजीचं काय? ती तर तूप ओतून खायची.” हा प्रश्न नेहमी येतो. आजी पाणी भरायची, दळायची, शेतात जायची, आणि घरात तूप रोज असायचंच असं नाही. शिवाय दोन जेवणांच्या मध्ये तोंडात टाकायला पाकीटच नव्हतं. आज तेलाची पिशवी स्वस्त, पाकीट दहा रुपयांना कोपऱ्यावर, काम खुर्चीत, झोप पाच तास. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २०१५-१६ साली देशातल्या २०.६ टक्के स्त्रिया जास्त वजनाच्या किंवा लठ्ठ होत्या, २०१९-२१ मध्ये २४ टक्के. पुरुष १८.९ वरून २२.९ वर. चार-पाच वर्षांत कोट्यवधी माणसांची इच्छाशक्ती एकदम ढासळत नाही. आजूबाजूचं अन्न बदललं, दिवस बदलला.

त्यात आपली शरीरं आणखी एका बाबतीत वेगळी आहेत. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडमधले डॉ. जॉन युडकिन यांचं एक छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं होतं. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. बारीक दिसणाऱ्या भारतीय माणसातही चरबी जास्त असते, आणि ती पोटाभोवती साठते. म्हणून मी वजनकाट्याइतकाच भरवसा टेपवर ठेवते. बायकांची कंबर ८० सेंटिमीटरच्या आणि पुरुषांची ९० च्या पुढे गेली की लक्ष द्यायचं. मेघाताईंची ९७ होती.

“मग भात बंद करू? की तेल-तूप?” दोन्ही नको, मी म्हणाले. स्टॅनफर्डमध्ये ६०९ जणांवर वर्षभर हेच पाहिलं गेलं, निम्म्यांना कमी चरबी, निम्म्यांना कमी पिष्ट. २०१८ साली निकाल आला तेव्हा दोन्ही गटांच्या वजनात सांगण्यासारखा फरक नव्हता. पण दोन्ही गटांना एक गोष्ट सारखी सांगितलेली होती: भाज्या भरपूर, साखर आणि मैदा टाळा, घरी शिजवा.

आम्ही बदल थोडेच केले. सकाळी बिस्किटांऐवजी मुगाचं धिरडं किंवा थालीपीठ आणि वाटीभर दही. दुपारच्या डब्यात वरण किंवा उसळ परत आणली. चारला फुटाणे-शेंगदाणे आणि पेरू. रात्री सूप बंद, नागलीची किंवा ज्वारीची भाकरी, भाजी, ताक. खाणं कमी झालं नव्हतं. “एवढं सगळं खायचं?” असं त्यांनी तीनदा विचारलं.

उरलेल्या अन्नाचं अवघड होतं, तिथे घर आड येत होतं. तिसऱ्या भेटीला मी सासूबाईंना बोलावलं. त्या ताठ बसल्या होत्या. मी म्हटलं, “काकू, रात्रीचं आवरणं अर्धं दुसऱ्या कुणी केलं तर?” त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “मी पण असंच संपवत आले. चाळीस वर्षं.” त्या दिवसापासून उरलेलं अन्न डब्यात भरून फ्रीजमध्ये ठेवायचं काम काकूंनी घेतलं आणि शेव घरात येणं थांबलं. माझ्या कुठल्याही तक्त्यापेक्षा याचा उपयोग जास्त झाला, असं मला मनापासून वाटतं.

तिसऱ्या महिन्यात वजन अडलं. वहीत पाहिलं तर खजूर-डिंकाचे लाडू, दिवसाला चार. “घरचे आहेत, साखर नाही, गुळाचे आहेत.” तूप, सुकामेवा आणि गूळ घातलेल्या एका लाडवात दीडशेच्या आसपास कॅलरी सहज असतात. चांगलं अन्न हे मोजमापातून सुटका नव्हे. हे सांगताना मला वाईट वाटलं, कारण ते लाडू त्यांनी पहाटे उठून केले होते. एकावर आलो.

सात महिन्यांनी वजन ६८.५ किलो, कंबर ८९, आणि साखर उंबरठ्याच्या अलीकडे. जाहिरातीत दाखवतात तसं काही नाही. पण वहीत सकाळच्या धिरड्यासमोर पुढची भूक ‘दीड वाजता’ अशी लिहिलेली असायची आणि रात्रीची ओळ बहुतेक रिकामी.

मागच्या मार्चमध्ये बँकेचं वर्षअखेरीचं काम आलं. रात्री नऊला घरी, पहाटे सव्वापाचला पुन्हा डब्याची तयारी. वजन दीड किलो वाढलं. यावेळी त्यांनी मोबाइल पुढे केला नाही, वही उघडली आणि चौथा रकाना दाखवला. तो त्यांनी स्वतःच आखला होता: झोप किती तास. ज्या दिवशी साडेचार-पाच, त्या दिवशी दुपारीच चहासोबत बिस्किटं परत आलेली. २०२२ च्या एका प्रयोगात कमी झोपणाऱ्या जास्त वजनाच्या माणसांची झोप तासाभराहून थोडी अधिक वाढवली, तेव्हा त्यांचं खाणं कुणी काही न सांगता रोज सुमारे २७० कॅलरींनी घटलं. मी त्यांना ते सांगितलं. त्या म्हणाल्या, “म्हणजे डबा रात्रीच भरून ठेवायला हवा, किंवा मुलानं स्वतःचा भरायला हवा.”

मुलगा चौदा वर्षांचा आहे. पुढच्या भेटीला त्याला घेऊन येणार आहेत.