छातीतून कट्ट आवाज येतो, म्हणजे हार्ट सुटलं का?

बायपासनंतर माझ्याकडे पाठवलेले पेशंट बहुधा झोपेची तक्रार घेऊन येतात. सक्करदऱ्याचे एक काका तसेच आले. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) ऑपरेशनला सात महिने झाले होते, तरी रात्र खुर्चीतच काढायचे. काकू औषधं घ्यायला बाहेर गेल्या तेव्हा हळूच म्हणाले, "मॅडम, कूस बदलली का आतून कट्ट वाजते. हार्ट सुटून तर नाही राहिलं ना?"

हे त्यांनी घरी सांगितलं नव्हतं, सर्जनलाही नाही. सांगितलं की पुन्हा हार्टचं ऑपरेशन करतील, ही धास्ती.

असा आवाज लपवणारे मी बरेच पाहिलेत, म्हणून हे सविस्तर लिहिते. बायपाससाठी छातीच्या मधलं हाड उभं चिरतात आणि शेवटी स्टीलच्या तारांनी बांधतात. ते भरून यायला साधारण दोन-तीन महिने लागतात. हात मोडला तर प्लास्टर घालून गप्प ठेवता येतो. छातीला ती सोय नाही, श्वास आणि खोकला चालूच असतो. तरी बहुतेकांचं हाड जुळतं. मोजक्या लोकांचं जुळत नाही. फटीत हाडाऐवजी चिवट तंतू भरतात, आणि हालचाल झाली की दोन्ही भाग एकमेकांवर सरकतात. कट्ट वाजतं ते हे. हार्ट त्यामुळे सुटत नाही. मात्र ताप, जखमेतून पाणी किंवा पू, छातीवर लाली असेल तर अपॉइंटमेंटची वाट पाहू नका, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

सीटी स्कॅनमध्ये फट स्पष्ट दिसली. इन्फेक्शन नव्हतं. आणि घरात भांडण पेटलं.

"मी हजारदा म्हटलं, कूलरला हात लावू नका!" काकू माझ्यासमोरच रडल्या. ऑपरेशनला दोन महिनेही झाले नव्हते, तेव्हा काकांनी कूलर खिडकीपाशी ढकलला होता. नागपूरचा मे महिना, कोण थांबणार? मुलगा म्हणे, कूलर नाही, खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) कारण आहे. काकू स्वतःलाही दोष देत होत्या, डिंकाचे लाडू केले नाहीत म्हणून.

सर्जननी कोणा एकावर बोट ठेवलं नाही. डायबेटिस, वजन, तंबाखू, जुना खोकला, ठिसूळ हाडं, छातीतल्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या ग्राफ्टसाठी (हार्टला रक्त पोचवायच्या नव्या वाटेसाठी) वापरणं, अशा कितीतरी गोष्टी हाड जुळण्याच्या आड येतात. काकांकडे त्यातल्या तीन होत्या. लाडवांचा काही संबंध नव्हता, आणि एवढं ऐकून काकूंना जे हलकं वाटलं ते माझ्या चार भेटींतही वाटलं नसतं.

मग खरा प्रश्न. दुखणं सोसवत असेल, रोजची कामं अडत नसतील, तर काही लोक पट्टा बांधून, जपून राहतात, तेही चालतं. काकांना झोप नव्हती, साधी बादली उचलवत नव्हती. त्यांना दुरुस्ती सुचवली गेली: जुन्या तारा काढायच्या, मधले तंतू खरवडायचे, हाड टायटॅनियमच्या पट्ट्या आणि स्क्रूंनी पक्कं बसवायचं. काहींना नव्याने तारा बांधतात, काहींना छातीचा स्नायू सरकवून आधार देतात. यात हार्ट सहसा उघडत नाहीत. पण भूल आहे, इन्फेक्शनचा धोका आहे, आणि हाडामागे ग्राफ्ट चिकटलेले असू शकतात. "किरकोळ आहे" असं मी कुणालाही सांगत नाही.

मी त्यांच्याकडून प्रश्न कागदावर लिहून घेतले. पहिला होता, "हे केल्यावर मी पाठीवर झोपू शकतो का?" सर्जनसमोर माणूस नेमका हाच प्रश्न विसरतो.

आधी शुगर आटोक्यात, खर्रा बंद. काका कुरकुरले, पण ऑपरेशनपर्यंत पाळलं. दुरुस्तीनंतर खोकताना उशी छातीशी धरायची, जड उचलायचं नाही, हे पुन्हा सगळं आलंच. कूलर यंदा मुलाने लावला. आवाज गेला, काका पलंगावर झोपतात. खर्रा मात्र टपरीवर मित्र भेटले की पुन्हा तोंडात जातो, असं काकू सांगतात. त्यासाठी आमच्या भेटी अजून चालू आहेत.