पाण्यातल्या रंगावर विसंबू नका, थर पाडून बघा

तुमचा प्रश्न असा, की पोटॅशियम ब्रोमाइड आणि पोटॅशियम आयोडाइड या दोन्ही द्रावणांत क्लोरीनचं पाणी टाकलं, दोन्हीकडे पिवळट-तपकिरी रंग आला, मग ब्रोमीन कुठलं आणि आयोडीन कुठलं?

तुम्हाला दिसलं ते बरोबरच आहे. क्लोरीनने दोन्हीकडे आपलं काम केलंय, ब्रोमाइडमधून ब्रोमीन आणि आयोडाइडमधून आयोडीन बाहेर काढलंय. पण पाण्यात मोकळं झालेलं आयोडीन उरलेल्या आयोडाइडला चिकटून ट्रायआयोडाइड बनतं, आणि त्याचा रंग तपकिरी. विरळ असलं की ते हुबेहूब ब्रोमीनसारखं दिसतं. मी शिकवायला लागलो तेव्हापासून दरवर्षी मुलं इथेच अडतात.

यावर माझा भरवसा सायक्लोहेक्सेन या पाण्यात न मिसळणाऱ्या द्रवावर आहे. परीक्षानळीत साधारण एक मिली घाला, बूच लावून हलवा आणि नळी पांढऱ्या कागदासमोर धरून थोडं थांबा. (ते पटकन पेट घेतं, जवळ ज्योत नको.) पाण्याहून हलकं असल्याने ते वर तरंगतं आणि हॅलोजन (म्हणजे इथे ब्रोमीन किंवा आयोडीन) खालच्या पाण्यातून ओढून घेतं. ब्रोमीन असेल तर वरचा थर नारिंगी होतो. आयोडीन असेल तर खालचा तपकिरी रंग फिका पडत जातो आणि वर स्वच्छ जांभळा थर उभा राहतो, आयोडीनच्या वाफेचा असतो तसाच, कारण इथे त्याचे रेणू मोकळे असतात. हा जांभळा एकदा पाहिला की शंका उरत नाही. स्टार्चचा निळा-काळा रंगही फक्त आयोडीनलाच येतो.

ही गल्लत जुनी आहे. 1826 मध्ये बालार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने मिठागराच्या पाण्यातून क्लोरीनच्या साहाय्याने ब्रोमीन मिळवलं, तेव्हा त्यालाही आधी ते आयोडीन आणि क्लोरीनचं संयुग वाटलं होतं.

उलट्या प्रयोगातही जपा. पोटॅशियम क्लोराइडमध्ये ब्रोमीनचं पाणी टाकल्यावर दिसणारा नारिंगी रंग तुम्हीच ओतलेल्या ब्रोमीनचा असतो. तिथे विस्थापन होत नाही, म्हणजे ब्रोमीन क्लोरीनला बाहेर काढत नाही; क्लोराइडकडून इलेक्ट्रॉन काढून घेणं ब्रोमीनला जमत नाही.

आणि क्लोरीनचं पाणी थेंबाथेंबाने घाला. जास्त झालं तर ते आयोडीनचंही आयोडिक आम्ल करून टाकतं आणि आलेला रंग डोळ्यांदेखत उडून जातो.