इतिहासाच्या तासाला अर्थशास्त्र शिकवायचंय, साधनं कुठून आणू?

तुम्ही विचारलंय की नववी-दहावीला इतिहास शिकवताना त्यातच अर्थशास्त्र आणायचंय, पण पाठ्यपुस्तकात दोन ओळींच्या वर काही सापडत नाही, तर साहित्य कुठून आणायचं. मी सतरा वर्षं पुणे जिल्ह्यातल्या एका गावात इतिहास शिकवतोय, त्यामुळे माझ्या वर्गात जे चाललं तेच सांगतो. अर्थशास्त्राचं वेगळं साहित्य शोधत बसू नका. एक घटना धरा, तिचा एखादा कागद धरा आणि त्या कागदावरचा हिशेब मुलांकडून फळ्यावर मांडून घ्या, व्याज, पत, भाव, सरकारी धोरण हे सगळं त्यातनंच निघतं.

माझी घटना ठरलेली आहे, १८७५ चे दख्खनचे दंगे. १२ मे १८७५ ला सुप्यात, हे आत्ताचं बारामती तालुक्यातलं सुपे बरं का, आजूबाजूच्या गावांतले शेतकरी जमले आणि सावकारांकडे हिशेबाच्या वह्या आणि कर्जरोखे, म्हणजे कर्ज लिहून दिलेले कागद, मागायला लागले. हाती लागले ते रोखे जाळले, धान्याची दुकानं लुटली, पुढे हे लोण नगरकडे गेलं आणि तीसच्या वर गावांत पसरलं. मी मुलांना पहिला प्रश्न एवढाच विचारतो की दुकान लुटलं हे समजलं, पण कागद कशाला जाळायचा? पाच मिनिटं वर्गात गोंधळ होतो, होऊ द्यायचा.

मग फळ्यावर १०० रुपये लिहायचे. १८५९ मध्ये सरकारने मुदतीचा कायदा केला, कर्जरोखा तीनच वर्षं ग्राह्य धरायचा. व्याज साठत जाऊ नये म्हणून केलेला कायदा, हेतू चांगलाच होता. झालं काय तर सावकार दर तीन वर्षांनी नवा रोखा लिहून घ्यायला लागला आणि मागची बाकी व्याजासकट नव्या रोख्यात मुद्दल म्हणून चढायला लागली. आता हिशेबापुरतं वर्षाला २४ टक्के सरळ व्याज धरा (दर मी धरलाय, सोपा पडतो). तीन वर्षांत ७२ रुपये व्याज, नवा रोखा १७२ चा. पुढच्या तीन वर्षांनी २९५ रुपये ८४ पैसे. नवव्या वर्षी ५०८ च्या पुढे. शेतकऱ्याने नवीन एक पैसाही उचललेला नाही! सरळ व्याजाने त्याच नऊ वर्षांत ३१६ झाले असते आणि आपल्याकडच्या जुन्या दामदुपटीच्या रिवाजाने २०० च्या वर मागताच आलं नसतं, कारण व्याज मुद्दलाच्या वर जाऊ द्यायचं नाही हाच तो रिवाज. हे तीन आकडे शेजारी शेजारी आले की वर्ग गप्प होतो. मग सांगायचं की दंग्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगापुढे १०० रुपयांच्या कर्जावर २००० च्या वर व्याज लावल्याचं प्रकरण खरंच आलं होतं. चक्रवाढ व्याज गणिताच्या तासाला शिकलेली मुलं इथे पहिल्यांदा ते कुणाच्या तरी घरावर आलेलं बघतात.

दुसरा तास कापसाचा. १८६१ ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस ब्रिटनला जायचा बंद झाला, आणि मुंबईत कापसाला सोन्याचे दिवस आले. पैसा मुंबईच्या पेढ्यांकडून तालुक्याच्या सावकाराकडे आणि तिथून गावात, उचल मागेल तेवढी मिळायला लागली. १८६५ ला युद्ध संपलं, भाव पडले, मुंबईत शेअरबाजार कोसळला आणि जो तो आपला पैसा परत मागायला लागला. त्याच सुमारास सरकारने नव्या मोजणीत शेतसारा कुठे पन्नास टक्के तर कुठे दुपटीपर्यंत वाढवलेला, आणि तो पीक बुडालं तरी रोख भरायचा. मुलांना हे नकाशावर बाण काढून दाखवा. पण इथे थांबू नका, कारण सुपे काही कापसाचा मुलूख नव्हे, कापूस खानदेश-वऱ्हाडचा. म्हणून काही इतिहासकार म्हणतात की या दंग्यांत कापसाचा वाटा फार मोठा नसणार. हे वर्गात सांगाच. दोन गोष्टी पाठोपाठ घडल्या म्हणून एकीमुळे दुसरी झाली असं होत नाही, हे शिकवायला याच्याइतकं चांगलं उदाहरण मला तरी मिळालेलं नाही.

आता साधनं. एनसीईआरटीच्या बारावीच्या इतिहासाच्या पुस्तकाच्या तिसऱ्या भागात वसाहतकाळातल्या ग्रामीण भागावरचा धडा आहे, पीडीएफ फुकट मिळते. मराठीत नाही, उतारे तुम्हालाच भाषांतरित करावे लागतील, मी दरवर्षी दोन करतो. त्याहून मोलाचं म्हणजे १८८५ चं पुणे जिल्ह्याचं जुनं गॅझेटीअर, म्हणजे जिल्ह्याची सगळी माहिती देणारा सरकारी ग्रंथ, राज्य सरकारच्या गॅझेटीअरच्या साइटवर आहे, त्यात भांडवलावरचं प्रकरण काढा, कर्ज कोण घ्यायचं, दर काय, मजुरी किती, धान्याचा भाव काय, सगळं आहे. तुमचा जिल्हा दुसरा असेल तर तुमच्या जिल्ह्याचं बघा, मुलांना आपल्या गावाचं नाव दिसलं पाहिजे. महात्मा फुल्यांचं 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ चं आहे, त्यातला एखादा उतारा आयोगाच्या निष्कर्षाशेजारी ठेवा. आयोगाने सरकारी साऱ्याला दोष दिला नाही, सगळं सावकारावर ढकललं. फुले सारा, पट्ट्या (म्हणजे वरचे जादा कर) आणि सरकारी अधिकाऱ्यांबद्दल काय म्हणतात ते मुलांनीच शोधावं. सहल काढता आली तर मुंबईत फोर्टात रिझर्व्ह बँकेचं नाण्यांचं म्युझियम आणि नाशिकजवळ अंजनेरीला नाण्यांचं संग्रहालय आहे.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. सुप्यातले सावकार बहुतेक मारवाडी आणि गुजराती होते. पहिल्या वर्षी मी ते सहज बोलून गेलो आणि मागच्या बाकावरची एक मुलगी, आडनावावरून सगळ्यांना कळतं, ती पूर्ण तासभर मान खाली घालून बसली. ते माझं चुकलं. आता मी सावकाराची भूमिका मुलांना करायला देतो, त्याच्याकडे मुंबईच्या पेढीचा तगादा आलेला आहे, तोही अडकलेला आहे, असं सांगून. शेतकरी, सावकार आणि मामलेदार अशा तिघांच्या हातात आकडे लिहिलेली चिठ्ठी द्यायची आणि बोलू द्यायचं. जातीवरून घसरलेली चर्चा पैशावर येते.

शेवटच्या तासाला १८७९ चा कायदा घ्या, दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी केलेला. कोर्टाला रोख्याच्या मागे जाऊन मूळ कर्ज किती होतं ते तपासता यायला लागलं आणि कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणं बंद झालं. मग विचारा, तुम्ही सावकार असाल तर आता कर्ज द्याल का? गेल्या वर्षी एक मुलगा म्हणाला, "सर, मग गरजेला पैसे आणायचे कुठून?" तिथून मी १९०४ च्या सहकारी पतसंस्थांच्या कायद्यावर जातो, आणि दुसऱ्या दिवशी मुलं आईच्या बचत गटाचं पासबुक घेऊन येतात, त्यावर व्याजाचा दर छापलेला असतो, फळ्यावरचे १०० रुपये तसेच ठेवलेले असतात, आम्ही परत हिशेब मांडतो.