एकट्याची गाडी ठीक आहे, पण लाइन क्लिअर कोण देणार?

दादा, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. नागपुरात बेसाला भाड्याचा टूबीएचके, मॉडेल रेल्वेची एन स्केलची (म्हणजे दोन रुळांत ९ मिलिमीटर अंतर असलेली) एक गोल लाइन, दोन इंजिनं, दोन वर्षं एकट्यानेच चाललंय आणि आता गाडी फिरताना पाहून कंटाळा येऊन राहिला, तर ग्रुप जमवू की आहे तसंच चालू ठेवू, असं विचारलंय तुम्ही. मी या नादात सतरा-अठरा वर्षं आहे, त्यातली पहिली नऊ एकट्याने काढली, मग दोन वर्षं एका ग्रुपमधे होतो जो फुटला, मग काही काळ परत एकटा, आणि आता आम्ही चौघं आहोत. म्हणजे सगळे प्रकार करून झाले.

मला विचाराल तर तुमचा कंटाळा आधी त्या गोल लाइनीचा आहे, माणसांचं नंतर पाहू. गोल लाइनीवर गाडी कुठूनच निघत नाही आणि कुठेच पोचत नाही. नऊ वर्षं मी पण तेच केलं. डोंगर केला, बोगदा केला, स्टेशनावर चहाची टपरी केली, गाडी आपली गोल गोल. आमच्या वरच्या मजल्यावर एक काका राहायचे, रेल्वेतून रिटायर्ड, सगळी नोकरी स्टेशन मास्तरकीत गेलेली, त्यातली बरीच छोट्या लाइनीवर, म्हणजे नॅरोगेजवर. त्यांना एकदा मोठ्या हौसेने खाली बोलावलं, चहा दिला, गाडी सोडली. ते पाच मिनिटं गप पाहत बसले आणि मग म्हणाले, "ही गाडी सोडली कोणाच्या परवानगीने?" मी म्हटलं, काका माझंच घर, माझीच गाडी. तर म्हणे, "पुढच्या स्टेशनला विचारलं का?" पुढचं स्टेशनच नव्हतं ना बाप्पा!

त्या दिवशी राग आला होता, खोटं कशाला सांगू. पण दुसऱ्या रविवारी मीच वर गेलो आणि त्यांनी दोन तास बसवून मला सिंगल लाइन समजावली. दोन स्टेशनांच्या मधल्या लाइनीवर एका वेळी एकच गाडी. इकडचा मास्तर घंटी देऊन तिकडच्याला विचारतो, तिकडच्याने लाइन क्लिअर, म्हणजे लाइन मोकळी आहे, पाठवा, असं दिलं की इकडच्या नील्सच्या टोकन मशीनमधून एक गोळा निघतो, तो गोळा पाकिटात घालून ड्रायव्हरला द्यायचा, आणि गोळा हातात आल्याशिवाय ड्रायव्हर गाडी पुढे काढत नाही. हा गोळा तिकडच्या मशीनमधे परत पडेपर्यंत दुसरा गोळा ना इकडून निघणार ना तिकडून, कारण दोन्ही मशिनी एकमेकीला वायरने बांधलेल्या. इतकी साधी गोष्ट, आणि हीच माझ्या मांडणीत नव्हती.

मग आम्ही काय केलं, हॉलमधे एक स्टेशन, बेडरूममधे दुसरं, मधे दारातून जाणारी लाइन. गॅरेजमधून बेअरिंगचा एक मोठा छर्रा आणला तो गोळा, दोन्हीकडे दारावरच्या घंट्या लावल्या, आणि काका बेडरूममधे मास्तर. मी घंटी दिली की काका उत्तरच द्यायचे नाहीत, का तर मालगाडी शंटिंगला आहे, थांबा. पंधरा मिनिटं माझी पॅसेंजर हॉलमधे उभी! नऊ वर्षांत पहिल्यांदा माझी गाडी लेट झाली आणि मला इतका आनंद झाला की बायकोला वाटलं यांना काहीतरी झालं.

तर उत्तर असं की बनवायचं काम एकट्याने मस्त होतं, किंबहुना एकट्यानेच होतं, रात्री अकराला डोक्यावर लाइट लावून पॉइंटची, म्हणजे गाडीची लाइन बदलणाऱ्या सांध्याची, ब्लेड घासत बसायला कोणाची कंपनी लागत नाही. पण चालवायला दुसरा माणूस पाहिजे, जो तुम्हाला "थांबा" म्हणेल. स्वतःच स्वतःला थांबवता येत नाही हो, मी करून पाहिलं, चिठ्ठ्या काढल्या, फासे टाकले, पण शेवटी मी मलाच सूट द्यायचो.

आता ग्रुपचं ऐका, कारण इथे लोक फसतात. आमचा पहिला ग्रुप सहा जणांचा होता आणि आम्ही सगळ्यांनी वर्गणी काढून एकाच्या घरी मागच्या खोलीत एक मोठी सामाईक मांडणी सुरू केली. बारा फूट बाय सहा फूट, एचओ स्केल, म्हणजे तुमच्या एनच्या जवळपास दुप्पट. सुरुवातीला प्रत्येक शनिवारी तर्री पोहा आणि काम, काय दिवस होते. मग हळूहळू ज्याचं घर त्याचंच चालायला लागलं, कोणी न सांगता पॉइंट बदलून टाकला, कोणाचं इंजिन कोणाच्या हातून पडलं, वर्गणी कोणी दिली कोणी नाही यावर तोंडं वाकडी झाली. आणि मग ज्यांच्या घरी मांडणी होती त्यांच्याकडे लग्न निघालं, खोली पाहिजे होती, मांडणी दारातून निघेना म्हणून करवतीने तीन तुकडे केले. चूक कोणाची नव्हती. पण सामाईक मांडणीला घर एकाचंच असतं आणि भाड्याच्या घरात राहणाऱ्याने तर त्या वाटेला जाऊच नये.

त्यावर उपाय बाहेरच्या लोकांनी केव्हाच काढलेला आहे. कॅलिफोर्नियात १९७० च्या दशकात एन-ट्रॅक म्हणून पद्धत सुरू झाली, प्रत्येकाने आपापल्या घरी आपापला तुकडा म्हणजे मॉड्यूल बनवायचं, फक्त कडेला रूळ कुठे येतील ते सगळ्यांचं सारखं, भेटायच्या दिवशी तुकडे आणायचे आणि जोडायचे. नंतर टी-ट्रॅक आली, ती अजून छोटी, तुकडा साधारण ३१ सेंटिमीटर लांब, टेबलावरच मांडायचा, काटो या जपानी कंपनीचे युनिट्रॅक रूळ एकमेकांत खटकन बसतात. तुमचं एन स्केलच आहे, तुमच्यासाठी तर हे आयतंच. कपाटाच्या वरच्या फळीत चार तुकडे राहतात आणि घरमालकाला पत्ता लागत नाही.

म्हणजे सामाईक काय ठेवायचं तर फक्त कड. कडेच्या आतलं माझं, तिथे मी सावनेर बनवीन नाहीतर स्वित्झर्लंड, तुम्ही बोलायचं नाही. आम्ही चौघांनी एका कागदावर सहा ओळी लिहिल्या आहेत, तुकडा ९० बाय ४० सेंटिमीटर, रूळ पुढच्या कडेपासून १० सेंटिमीटरवर, खालून लाल वायर पुढच्या रुळाला काळी मागच्या, दोन बोल्ट विंग नटवाले, बस्स. लाल-काळ्याची अदलाबदल झाली तर जोडल्या जोडल्या शॉर्ट, त्यावरून आम्ही अजूनही भांडतो, पण ते भांडण पाच मिनिटांचं असतं.

आता थोडं विषय सोडून, पण नागपूरकर आहात म्हणून सांगतोच. एचओ म्हणजे १:८७, खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढं, त्याच्या दोन रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर, म्हणजे खऱ्या मापात १४३५, स्टँडर्ड गेज. आपली मोठी लाइन १६७६ ची, तिला १९.२६ मिलिमीटर पाहिजे, म्हणून एचओच्या रुळावर आपलं इंजिन ठेवलं की डोळ्याला कुठेतरी खुपतं, शरीर रुंद आणि पाय जवळ. आपल्या नागपुरात या रुळावर बरोब्बर बसणारी गाडी एकच, ती म्हणजे आपली मेट्रो, ती १४३५ वर चालते. पण खरी गंमत छोट्या लाइनीची आहे. ७६२ मिलिमीटर भागिले ८७ केलं तर ८.७६ येतं, आणि एन स्केलचा रूळ ९ मिलिमीटरचा! पाव मिलिमीटरही फरक नाही. म्हणजे तुमच्याकडे आज जो एनचा रूळ पडलाय त्यावर १:८७ चे डबे आणि झेडडीएम, म्हणजे छोट्या लाइनीचं डिझेल इंजिन बनवून बसवलं की सातपुड्याची छोटी लाइन तयार, फक्त एनच्या दाट बारीक स्लीपरांकडे, म्हणजे रुळाखालच्या आडव्या पट्ट्यांकडे, डोळेझाक करायची, नाहीतर स्लीपर आपले आपण टाकायचे. खाली एन इंजिनची चासी, वर प्लास्टिक शीटची बॉडी. छिंदवाड्याची छोटी लाइन २०१५ ला बंद झाली, नागभीडची २०१९ ला, आता ती पाहायची तर मोतीबागच्या नॅरोगेज म्युझियममधे नाहीतर आपल्या टेबलावर. म्युझियममधे टेप घेऊन जा, मी डब्यांच्या खिडक्या मोजायला चार चकरा मारल्यात, तिकिटाच्या पैशात इतकं सुख कुठेच नाही.

आणि संत्री! १:८७ मधे सात सेंटिमीटरचं संत्र ०.८ मिलिमीटरचं होतं, म्हणजे राजगिऱ्याचा दाणा, रंग लावला की झालं. मी काटोलच्या बाजूचं दाखवायला अख्खा वॅगन राजगिऱ्याने भरला आणि चार दिवसांत मुंग्यांनी माल उतरवून नेला. तेव्हापासून वर फेविकॉल पाण्यात पातळ करून मारतो.

स्पीडचंही सांगून टाकतो. ताशी ३० किलोमीटर म्हणजे १:८७ ला सेकंदाला साधारण साडेनऊ सेंटिमीटर. मोजून पाहा किती हळू आहे ते. एकटे असलो की आपण सगळे राजधानी चालवतो, कारण हळू गाडी एकट्याला बोअर होते. समोर मास्तर बसला असला की तीच हळू गाडी बरोबर वाटते, कारण ती कुठेतरी पोचायची असते.

उन्हाळ्याचं मात्र कोणी बाहेरचा सांगणार नाही, ते आपलंच. माझी खोली स्लॅबखाली, मे महिन्यात पारा ४५ च्या घरात. मी हौसेने तीन मीटर लाइनीचे सगळे जोड सोल्डर केले होते, एकही फट नाही, काय गुळगुळीत गाडी जायची. ते काम केलं जानेवारीत. निकेल सिल्व्हरचा रूळ तीन मीटरला तीस डिग्रीमागे दीडेक मिलिमीटर वाढतो, ते कमी नाही, आणि वरून प्लाय उन्हाळ्यात सुकून आकसतो, म्हणजे रूळ लांब आणि फळी आखूड. एका दुपारी पाहतो तर लाइन सापासारखी वाकडी. काका वरून आले, पाहिलं आणि म्हणाले, "हॉट वेदर पेट्रोलिंग नाही ठेवलं का?" खऱ्या लाइनीवर उन्हाळ्यात याचसाठी माणूस चालत फिरतो म्हणे. तर दर मीटरला अर्ध्या मिलिमीटरहून थोडी जास्त फट सोडा आणि प्लायला चारही बाजूंनी, खालूनसुद्धा, प्रायमर मारा. कूलरच्या समोर मांडणी ठेवू नका, एका बाजूने ओल, दुसऱ्या बाजूने कोरडं, प्लाय पिळल्यासारखा होतो, शिवाय कूलरच्या हवेसोबत जी धूळ येते ती रुळावर बसून काळा थर होतो आणि गाडी अडखळते. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती कापड, गाडी काढायच्या आधी दर वेळी. सॅंडपेपर कधीच नाही, चरे पडले की घाण अजून बसते.

ज्यांना खरंच माणसं नको असतात त्यांचं काय, तर त्यांनी खुशाल एकट्याने करावं, त्यात कमीपणा नाही. अमेरिकेत मॉन्टेरेला जॉन अॅलन म्हणून होते, घराच्या तळघरात गोरी अँड डिफीटेड नावाची जबरदस्त मांडणी जवळपास एकट्याने उभी केली, पण चालवायला त्यांच्याकडेही मित्रांची टोळी ठरलेल्या दिवशी यायची. १९७३ ला ते गेले आणि दहा दिवसांत आग लागून मांडणीही गेली. ते मूळचे फोटोग्राफर, म्हणून निदान फोटो राहिले. तुमच्या मांडणीचे फोटो काढून ठेवा, एवढं तरी करा. आपल्याकडे पुण्याचे भाऊ जोशी पाहा, एका माणसाचा नाद, आणि १९९८ पासून कोथरूडला त्याचं म्युझियम आहे, लोक तिकीट काढून पाहतात.

ग्रुपमधे सगळ्यांना सगळं आवडायला पाहिजे असंही नाही. अमेरिकेतल्या एमआयटीत १९४६ पासून टेक मॉडेल रेलरोड क्लब आहे, तिथेसुद्धा काही जण डबे-डोंगर रंगवणारे आणि काही जण टेबलाखाली वायरिंगमधे घुसलेले, आणि त्या टेबलाखालच्या पोरांनीच पुढे कॉम्प्युटरवाल्यांना हॅक हा शब्द दिला. आमच्या चौघांत एकजण इलेक्ट्रिशियन आहे, त्याला गाडीत काडीचा इंटरेस्ट नाही, त्याला फक्त डीसीसी, म्हणजे इंजिनं डिजिटल सिग्नलने चालवायची पद्धत, लावायचं होतं. एका रुळावर दोन इंजिनं साध्या डीसीवर ठेवली की दोन्ही एकदम पळतात, डीसीसीत प्रत्येक इंजिनाला आपला नंबर, हे त्याच्यामुळे झालं, मला दहा वर्षं जमलं नव्हतं. बाहेरून सामान मागवायचं तर चौघांचं एकत्र, कुरियर आणि ड्युटी वाटली जाते. हाही फायदाच आहे पण त्यासाठी कोणी ग्रुप करू नये.

माणसं कुठे शोधायची? मॉडेलवाले शोधू नका, सापडणार नाहीत. अजनी, मोतीबाग, इतवारी या भागात रिटायर्ड मास्तर, गार्ड, शंटर घरोघरी आहेत, त्यांना गाडी दाखवा आणि शिव्या खा. आमचे काका तीन वर्षांपूर्वी गेले. त्यांच्या जागी आता एक रिटायर्ड गार्ड येतात, ते शेवटच्या डब्याला लाल दिवा नसला तर गाडी हलू देत नाहीत.

महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आम्ही बसतो. मेसेज करा, पत्ता देतो. येताना मोठं काही नको, टी-ट्रॅकचा एक तुकडा आणा, नुसता रूळ ठोकलेला चालेल, लाल वायर पुढे. आमच्या कडेला जोडायचा अडॅप्टर मी बनवून ठेवतो. चपला बाहेर काढा आणि गालिच्यावर जपून चाला, मागच्या महिन्यात डबे जोडायचं एक कपलर पडलं ते अजून सापडलेलं नाही.