‘शिवीगाळ केली’ एवढं लिहून भागत नाही

प्रश्न : वकीलताई, विहिरीच्या पाळीवरून माझा चुलत दीर तीन आठवड्यांपूर्वी चावडीसमोर, दहा-बारा माणसांदेखत मला नको नको ते बोलला. ‘विहिरीवर पुन्हा दिसलीस तर गावात राहणं मुश्कील करीन’ असंही म्हणाला. पोलिसांनी एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) लिहून घेतली आणि ‘कोर्टात जा’ म्हणाले. टाळलंच ना त्यांनी? यजमान म्हणतात, घरचं भांडण आहे, सोडून दे. मुलाच्या मोबाईलमध्ये थोडं रेकॉर्डिंग आहे. काय करू?
— एक भगिनी, सोलापूर जिल्हा

उत्तर : ताई, या बाबतीत तरी पोलिसांना फार बोल लावता येणार नाही. शांतता भंगेल असा हेतुपुरस्सर अपमान (भारतीय न्याय संहिता, कलम ३५२) आणि साधी धमकी (कलम ३५१(२)) हे अदखलपात्र गुन्हे आहेत. १ जुलै २०२४ पूर्वी हेच जुन्या दंड संहितेतले ५०४ आणि ५०६ होते. गावात अजून सगळे तेच आकडे बोलतात. दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना यात तपास करता येत नाही. एनसीची प्रत मात्र मागून घ्या.

आता तुमच्या पत्रातले ‘नको नको ते’ हे तीन शब्द. तालुका कोर्टात ३१ वर्षं काढली, त्यात बायकांच्या फिर्यादी सगळ्यात जास्त इथंच लंगड्या पडताना पाहिल्या. लाजेपोटी ‘घाणेरडी शिवीगाळ केली’ एवढंच लिहायचं, आणि मग समोरचा वकील विचारतो, नेमकं काय म्हणाले? बाई खाली मान घालतात. प्रत्येक शब्द जसाच्या तसा हवाच असं नाही, सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात तसं सांगितलंय. पण कोर्टाला त्या अपमानाचं स्वरूप कळायला हवं ना! तेव्हा आज रात्रीच वहीत उतरवा : कोणती शिवी, किती वाजता, पारावर कोण बसलं होतं. शिवी त्याच्या तोंडची आहे, लाज तुम्ही का बाळगायची?

धमकीचंही तसंच. रागाच्या भरात ‘बघून घेईन’ म्हटलं की गुन्हा झाला, असं नसतं. घाबरवण्याचा किंवा काही करायला, न करायला भाग पाडण्याचा हेतू दिसावा लागतो. त्या दिवसापासून तुम्ही विहिरीवर जाणं बंद केलंत का? पाणी दुसरीकडून आणता का? ते लिहा. आणि कुणी सुचवलं तरी ‘जीवे मारण्याची धमकी’ फिर्यादीत घालू नका. तसं तो म्हणाला असता तर कलम ३५१(३), सात वर्षांपर्यंत शिक्षा. न बोललेलं घातलंत तर उलटतपासणीत खरंही पडतं.

मग प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे खाजगी फिर्याद, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २२३ खाली. तुमचा शपथेवर जबाब होईल, साक्षीदार हजर असतील तर त्यांचाही. नवीन कायद्यात एक बदल आहे : दखल घेण्याआधी आरोपीलाही म्हणणं मांडायची संधी मिळते. म्हणजे पहिल्या काही तारखांतच दीर समोर उभा दिसेल, मनाची तयारी ठेवा. फिर्यादीला मुदत तीन वर्षं आहे, पण पारावरचे साक्षीदार तीन महिन्यांत विसरतात. समन्स निघाल्यावर तारीख चुकवू नका. फिर्यादी गैरहजर राहिली तर तीस दिवसांची संधी देऊन कोर्ट आरोपीला सोडू शकतं. एसटी चुकली, खुरपणी होती, ही कारणं मी फार ऐकली आहेत.

यजमानांचं म्हणाल तर तडजोडीला हे गुन्हे पात्र आहेत. पण ती करायची की नाही, हे ज्याचा अपमान झाला त्यानं ठरवायचं. यजमानांनी नाही, सरपंचांनी नाही. उद्या दिरानं चावडीवरच माफी मागितली आणि तुमचं मन भरलं, तर खुशाल मिटवा.

रेकॉर्डिंग कापू नका, कुणाला पाठवत बसू नका. कोर्टात देताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं, ते तुमचे वकील करून देतील. आणि मुलाला बजावून ठेवा, तो मोबाईल एवढ्यात बदलायचा नाही.